एक जुलैची पंच्याहत्तरी

देवरीत एक जुलैला पेढे दुपारी बाराच्या आत संपतात. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी निम्म्या तालुक्याचा वाढदिवस असतो, आणि त्यातले बरेचसे जन्म माझ्या वडिलांच्या हातून झालेले आहेत. दचकू नका, बाबा सुईण नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

शाळा देवरीपासून बसनं पाऊण तास, पुढे अर्धा तास पायी. पोरगं शाळेत घालायला बाप यायचा. जन्म कधीचा, असं विचारलं की तो सांगायचा, मोहफुलं वेचून राहिलो होतो तेव्हाचा. कोणत्या वर्षी, ते मोहाच्या झाडाला विचारा. मग बाबा पोराला समोर उभं करत. उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान पकड. बोटं कानाला लागली तर सहा वर्षं पूर्ण, नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. कान पकडला की रजिस्टरात तारीख पडायची एक जुलै. शाळा त्याच सुमाराला उघडायची, लक्षात ठेवायलाही सोपी.

बाबांची स्वतःची तारीखही तशीच पडलेली, त्याच शाळेत, त्यांच्या गुरुजींच्या हातून. आमच्या घराण्यात हात फार लांब. माझ्या ब्लाउजच्या बाहीला शिंपी आजही जास्तीचं कापड मागतो. बाबा तीन वर्षांचे असताना मोठ्या भावाच्या मागे शाळेत जाऊन बसले. गुरुजींनी गंमत म्हणून त्यांनाही कान पकडायला लावला आणि बोटं थेट कानाच्या पाळीवर टेकली. सहा वर्षं पूर्ण. त्या दिवशी माझा बाप एका मिनिटात तीन वर्षांनी मोठा झाला, आणि पुढे तीन वर्षं आधीच निवृत्त झाला.

हा किस्सा मी गावोगाव सांगत आले आहे. मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, मंडई म्हटली की पाहुणे आले आणि पाहुणे आले की नाटक आलं. तिशी लागली तेव्हापासून मी खाष्ट सासूच करते, त्यामुळे खोट्या वयाचं मला भारी कौतुक. केसांना पांढरी पावडर फासली की लोक हात जोडतात. पावडरीचा खर्च भरावा लागतो, हे मात्र मला यंदा कळलं.

या वर्षी एक जुलैला बाबा कागदावर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी समाजमंदिरात सत्कार ठेवला. फुगे, शाल, श्रीफळ, आलूबोंडे, आणि भिंतीवर माझ्या उंचीचा पंच्याहत्तरचा आकडा. पहिल्या तुकडीतली पोरं आता साठी ओलांडलेली होती. एक वनरक्षक, एक कंडक्टर, दोन पोस्टमन, एक कंपाउंडर, सगळे निवृत्त आणि सगळे एक जुलैचे. केक एकच आणला आणि सुरीला चाळीस हात लागले. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे.

कार्यक्रम रंगला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, गुरुजींनी ज्या परीक्षेवर आपल्या सगळ्यांची आयुष्यं बेतली, ती परीक्षा आज गुरुजींनीच द्यावी. सभागृह उसळलं. बाबा उठले, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान अलगद पकडला. टाळ्या पडल्या. टाळी पडली की नट थांबत नाही, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, "आता डावा हात, गुरुजी."

बाबांनी डावा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला, त्याच्या थोडा वर गेला, आणि तिथेच थांबला. मग खाली आला. बाबा माइककडे वाकून म्हणाले, "या हातानं कधी खडू धरला नाही, याला अभ्यास नाही." लोक खो खो हसले. मीही हसले. पहिल्या रांगेत आई बसली होती, ती तेवढी हसली नाही. तिनं मांडीवरची पिशवी उघडली आणि काही न काढता परत बंद केली.

आलूबोंडे वाटून झाल्यावर बाबांचा एक विद्यार्थी मला समाजमंदिराच्या मागे घेऊन गेला. हा आरोग्य विम्याचा एजंट. बाबा निवृत्त झाले तेव्हा यानंच त्यांची पॉलिसी काढली होती, बाबांची आणि आईची मिळून एक. त्या वर्षीचा हप्ता एका महिन्याच्या पेन्शनमध्ये बसून वर दिवाळीचा फराळ निघाला. बाबांना त्या पॉलिसीचा मोठा अभिमान. पाहुणा आला की कपाटातून फाइल निघायची. एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकानंही दवाखान्याची खाट पाहिली नाही आणि हप्ता मात्र दर पावसाळ्यात चढत गेला. मध्ये सरकारनं त्यावरचा कर उठवला तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना पेढे दिले. पुढच्या नोटिशीत मूळ हप्ताच असा चढला की पेढे परत मागायची वेळ आली.

एजंटनं मोबाइल माझ्यापुढे धरला. आकडा मी दोनदा वाचला. तीन महिन्यांची पेन्शन. म्हणजे म्हातारा-म्हातारीनं वर्षातले नऊ महिने जेवायचं आणि तीन महिने विमा खायचा.

मी त्याला म्हटलं, अरे, दर वाढवायचे तर माणसाला सांगून वाढवा.

"दर नाही वाढवला, ताई," तो म्हणाला. "गुरुजींचं वय वाढलं. पंच्याहत्तरीचा टप्पा वेगळा असतो."

आत भिंतीवर तो टप्पा झेंडूच्या माळा घालून टांगलेला होता.

मग त्यानं सगळं समजावलं. दोघांची एकत्र पॉलिसी असली की हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर लागतो. आई कागदावर अडुसष्ट, ती बिचारी बाबांच्या वयामागे फरफटत चाललेली. महिनाअखेरपर्यंत भरलं नाही तर सतरा वर्षांचं सगळं पुसलं जाणार. मग नव्यानं अर्ज, नव्यानं तपासण्या, आणि या वयात अर्ज घेतील याची खात्री नाही. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची स्वतःची साठी झाली होती, जन्म एक जुलै, आणि हातात केकची बशी.

आमच्याकडे पॉलिसी सोडणं म्हणजे काय, हे बाबांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर, रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाबांच्या बरोबरीनं फिरणारे. मागच्या वर्षी त्यांनी हप्ता परवडत नाही म्हणून सोडून दिला आणि मित्रमंडळीत मोठ्या ऐटीनं सांगितलं की कंपनीला चांगला धडा शिकवला. चारच महिन्यांत त्यांची उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यापायी धानाच्या शेताची एक बांधी विकली गेली, मग दुसरी बांधी गेली. आता ते ओसरीवर बसतात आणि डाव्या हातानं पाटीवर रेघा ओढतात. तेव्हापासून बाबा तलावाकडे जाताना त्यांच्या घरावरून जात नाहीत, लांबून वळसा घेतात.

मोफत उपचाराच्या सरकारी कार्डासाठी आम्ही दोनदा रांगेत उभे राहिलो होतो. यंत्रानं दोघांचेही अंगठे ओळखले नाहीत. एकाचा खडूनं झिजलेला, एकीचा धानाची रोवणी करून आणि भांडी घासून. तिसऱ्यांदा बाबा आलेच नाहीत. म्हणाले, ज्या यंत्राला मी माणूस वाटत नाही, त्याच्यापुढे किती वेळा उभा राहू.

मला मात्र सत्काराच्या रात्रीच उपाय सुचला होता, आणि तो इतका सुंदर होता की मी एकटीच हसत झोपले. बाबा पंच्याहत्तर नव्हतेच. बहात्तर होते. टप्पा आलाच नव्हता. एका लबाड हातानं वाढवलेली तीन वर्षं परत मागायची, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात मी बाबांना बसमध्ये घालून त्यांच्या जुन्या शाळेत नेलं. रोवणीचे दिवस, बस रिकामी, दोन्ही बाजूंनी बांध्यांत पाणी साचलेलं. बाबांनी पूर्ण वाटभर डावा हात मांडीवर ठेवला होता आणि उजव्यानं वरचा दांडा धरला होता. मी शाळेत बोलायचे संवाद पाठ करत होते.

शाळेच्या मुख्याध्यापक बाई तरुण होत्या. त्यांनी बाबांच्या पाया पडून कपाटातून प्रवेशाचं जुनं रजिस्टर काढून दिलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण बाबांचं पान शाबूत. त्यांच्या गुरुजींचं वळणदार अक्षर, आणि त्याखाली एक जुलै, एक जुलै, एक जुलै, पान संपेपर्यंत. बाबांनी त्यावर बोट फिरवलं. त्या पानावरची किती माणसं आता उरली आहेत, ते त्यांनी मनात मोजलं असावं. ओठ हलत होते, आणि लवकर थांबले.

हे रजिस्टर बाबांच्या स्वतःच्या ताब्यात अकरा वर्षं होतं. मुख्याध्यापक तेच, कपाटाची किल्लीही त्यांच्याच खिशात. एक रेघ मारली असती तर तीन वर्षं नोकरी जास्त मिळाली असती. मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, तेव्हा नाही मारली, आता अर्ज करू. तुमचा मोठा भाऊ कागदावर तुमच्याहून फक्त एका वर्षानं मोठा आहे, आणि मधली बहीण तुमच्या दोघांच्या मध्ये जन्मलेली आहे. एवढं गणित कोणालाही पटेल.

बाबांनी रजिस्टर मिटलं. "माझी एक तारीख खोटी ठरली, बेटा, तर मी लिहिलेल्या सगळ्या खोट्या ठरतात. चारशे पोरांच्या नोकऱ्या आणि पेन्शनी त्या तारखांवर उभ्या आहेत. त्या पोरांना आता कुठे रांगेत उभं करू?"

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की बाबांना न सांगता अर्ज करायचा. माझ्या नाटकांतल्या सासवा असंच करतात. घरी पोचल्यावर मी एजंटला फोन लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलले. तो घाबरला. म्हणाला, ताई, असं चुकूनही करू नका. एकाचं वय उघडलं की कंपनी दुसऱ्याचंही उघडून पाहते, आणि कागदावरचं वय खोटं निघालं तर उद्या क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

मी फोन ठेवला. आई आत तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"नको खोदू वो बाई," ती म्हणाली. "एक खोदशीन तर दुसरं निघन."

मी विचारलं, दुसरं काय?

"मी मोठी आहो तुझ्या बापाहून. तीन वर्सांनी. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या."

ही म्हण मी हजारदा ऐकलेली, स्टेजवर फेकलेली. पण आईला तसं काही म्हणायचं नव्हतं. तिनं खरोखरच खाल्ल्या होत्या. आई बाबांची मामेबहीण. बाबांच्या बारशाला आजीनं तिला कडेवर नेलं होतं, आणि पाळण्याची दोरी तिनं इतक्या जोरात ओढली की बाळ बाहेर पडता पडता राहिलं, असं दोन्ही घरांत वर्षानुवर्षं सांगत. बायको मोठी, हे लोकांपुढे बरं दिसत नाही म्हणून लग्नात कोणी बोललं नाही. आई शाळेत गेलेली नव्हती. तिचा पहिला कागद करायची वेळ आली तेव्हा बाबांनी अंदाजानं तारीख घातली. नवरा-बायकोत सहा-सात वर्षांचं अंतर शोभतं, म्हणून तेवढं अंतर ठेवलं. माझ्या मास्तर बापानं गावातल्या पोरांना कान पकडायला लावून वय दिलं, आणि बायकोला शोभेसाठी दिलं.

म्हणजे खरी पंच्याहत्तरी आईची होती. शाल, श्रीफळ, भिंतीवरचा आकडा, सगळं एका खुर्चीनं चुकलं होतं. मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबून हसत होते आणि आई माझ्याकडे बघत होती.

"कायले हसून राहिली?" ती म्हणाली. "माझं नाव काढून टाका म्हणावं त्या पोराले. माझा काय भरोसा आता. त्याचा हात पाह्यला नाही का तू?"

माझं हसू तिथे थांबलं. मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यापासून बाबांना सदऱ्याची डावी बाही चढवता येत नव्हती, ती चढवून द्यायची. तलावाच्या पाळीवरून फिरून आले की ओट्यावर बसून श्वास मोजायचे. डाव्या हातात मुंग्या येतात म्हणायचे, छातीत काही नाही म्हणायचे, हे न विचारताच म्हणायचे. मी भरसभेत टाळ्यांसाठी जो हात वर करायला लावला, तो हात या बाईनं तीन महिने झाकून ठेवला होता.

बाबा दारात उभे होते. किती ऐकलं, ते कळलं नाही. त्यांनी खुंटीवरची सत्काराची शाल काढली आणि आईच्या खांद्यांवर टाकली. आई म्हणाली, उकडून राहिलं ना, काढा ते. ते म्हणाले, राहू दे, तुझीच आहे.

मी हप्ता भरते म्हटलं. तीन मंडयांची आगाऊ रक्कम मागून आणते. बाबांनी मला फार प्रेमानं विचारलं, यंदा भरशील, पुढच्या वर्षी? आणि त्याच्या पुढच्या? तुझा स्वतःचा विमा कुठे आहे? माझा विमा कुठेच नाही.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर नवी पॉलिसी आली. हप्ता एकदम खाली आलेला. मला वाटलं, एजंटनं काही जादू केली. मी नावं वाचली. नाव एकच होतं, आईचं, वय अडुसष्ट. बाबा एकटेच जाऊन त्याच्याकडे सही करून आले होते. एजंट फोनवर जवळजवळ रडला. म्हणाला, मी नाही म्हटलं ताई, पण गुरुजींनी उभं राहून सांगितलं. त्यांच्यापुढे मला अजून बसता येत नाही.

मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि कोणत्याही भूमिकेशिवाय. ते शांतपणे ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "पंच्याहत्तरीचं माणूस आत राहिलं पाहिजे. मी बहात्तरचाच आहे. तूच तर सिद्ध करायला निघाली होतीस."



आता ऑगस्ट उलटत आला. मी म्हणते, डॉक्टरकडे चला. चौकात दवाखाना आहे, पंधरा मिनिटांचं काम. बाबा येत नाहीत. एजंटनं त्यांना एक आशा दाखवली आहे. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करता येईल, तपासणीत काही निघालं नाही आणि आधीच्या कुठल्या कागदावर काही लिहिलेलं नसलं, तर एखादी कंपनी घेईलही. म्हणून त्यांनी ठरवलं आहे की पुढच्या एक जुलैपर्यंत कुठल्याच कागदावर काही येऊ द्यायचं नाही. डॉक्टरनं पाहिलं की लिहिणार. लिहिलं की ते कायमचं. रजिस्टरात पडलेलं खोडता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. चित्रकलेच्या मास्तरांकडे ते मागच्या आठवड्यात जाऊन आले. वळसा न घेता, सरळ. तासभर बसले.

आईनं तिचा मार्ग काढला आहे. सकाळी चहा झाला की ती बाबांच्या समोर पाटावर बसते. शाळेत न गेलेली बाई मास्तरची परीक्षा घेते. म्हणते, डावा हात डोक्यावरून घ्या आणि उजवा कान पकडा. बाबा ऐकतात. मीही चहाचा कप घेऊन दारात उभी असते आणि रोज काहीतरी बोलून त्यांना हसवते. ते माझं काम.

आधी बोटं गालापर्यंत पोचत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याशी थांबली. काल हात छातीपर्यंत आला आणि मांडीवर पडला. बाबा म्हणाले, पावसाळी हवा आहे, हाडं धरतात.

आईनं त्यांचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. "नाही लागला कान," ती म्हणाली. "पुढच्या वर्सी या."